ठाण्यातील मोफत वायफाय: तलावाच्या काठावर की अभ्यासिकेत?

प्रश्न असा आहे. ठाण्यातील एका प्रभागात मोफत सार्वजनिक वायफायसाठी निधी मिळण्याची शक्यता आहे. तलावाचा काठ, भाजी मंडई आणि दोन चौक मिळून २५ खांबांवर यंत्रे बसवावीत, असा प्रस्ताव रहिवाशांसमोर आला आहे. याआधी बसवलेली अशी यंत्रे वर्षा-दोन वर्षांत बंद पडलेली त्यांनी पाहिली आहेत. मोबाइलवरचे इंटरनेट इतके स्वस्त झालेले असताना हा खर्च करावा का, केला तर कसा करावा आणि असे वायफाय वापरणे सुरक्षित असते का, असे रहिवासी संघाच्या सचिवांनी विचारले आहे.

मी वीस वर्षे ठाणे आणि नवी मुंबई परिसरात नेटवर्क उभारणीचे काम करत आहे. त्यांतील काही कामे सार्वजनिक वायफायची होती. काही नीट चालली, काही डोळ्यांसमोर बंद पडली. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. खर्च अवश्य करावा, मात्र तो खांबांवर करू नये. सार्वजनिक वायफाय बसलेल्या माणसाच्या उपयोगाचे असते, चालणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. जिथे माणूस निदान अर्धा तास बसतो, डोक्यावर छप्पर आहे, दिवसभर वीज आहे आणि कुलूपकिल्ली सांभाळणारे कोणीतरी नेमलेले आहे, अशा जागा प्रभागात शोधाव्यात आणि निधी तिकडे वळवावा. माझ्या यादीत पहिली जागा अभ्यासिकेची, त्यानंतर वाचनालयाची आणि मग रुग्णालयात नातेवाईक ताटकळत बसतात त्या जागेची आहे.

खांबांना माझा विरोध का आहे, हे एका कामाच्या आधारे सांगतो. काही वर्षांपूर्वी सुमारे तीस पोलवर यंत्रे बसवण्याच्या एका कामाची तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे होती. उद्घाटन संध्याकाळी झाले आणि सर्व काही उत्तम चालले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तक्रारी सुरू झाल्या की वायफाय कुठेच दिसत नाही. संध्याकाळी सात वाजता ते आपोआप परत आले. कारण अगदी साधे होते. रस्त्यावरच्या दिव्यांची वीज चोवीस तास पोलपर्यंत येत नसते. एका फीडर पिलरमधून, म्हणजे रस्त्याकडेच्या वीज वाटपाच्या पेटीतून, दिव्यांची पूर्ण ओळ निघते आणि पिलरमधला टायमर सकाळी ती ओळच तोडतो. पोलवर वीज आहे, असे प्रस्तावात लिहिणाऱ्याने पोल रात्री पाहिलेला असतो. यावर उपाय म्हणजे स्वतंत्र केबल ओढणे आणि महावितरणकडून स्वतंत्र मीटर घेणे. त्या खोदाईचा, परवानग्यांचा आणि केबलचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आम्ही तेव्हा पेट्यांमध्ये बॅटऱ्या बसवून वेळ मारून नेली. त्या पेट्या मे महिन्याच्या उन्हात तापल्या आणि बॅटऱ्या वर्षभरात गेल्या. काही तर पेटीसकट चोरीला गेल्या.

त्यानंतर पावसाळा आला. ठाण्यात चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. यंत्राच्या कागदांवर ते जलरोधक असल्याचे लिहिलेले असते आणि ते खरेही असते, परंतु पाणी यंत्राच्या झाकणातून आत शिरत नाही. ते केबलच्या अंगाने वाहत येते आणि जोडणीच्या तोंडातून आत जाते. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून जाते, हे प्रत्येक जुन्या केबलवाल्याला माहीत असते. घाईच्या कामात हाच वळसा राहून जातो. पहिल्या जुलैमध्ये आमचे सात ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी यंत्रे, गेले. त्यांतील पाच उघडून पाहिले, तेव्हा जोडणीच्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या.

फायबर जिथे पोहोचला नव्हता तिथे आम्ही एका पोलवरून दुसऱ्या पोलवर बिनतारी जोडणी केली होती. तिची मोजणी फेब्रुवारीत, झाडे उघडी असताना झाली होती. जूनपासून मधल्या गुलमोहराला पालवी आली, ती पाने भिजली आणि जोडणीचा वेग जवळजवळ नाहीसा झाला. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. ओले झाड म्हणजे त्या लहरींच्या वाटेतली भिंतच. अशा शहरात बिनतारी जोडणीची मोजणी उन्हाळ्याच्या आधी करून आपण स्वतःचीच फसवणूक करतो, हे मी त्या वर्षी शिकलो.

इतके असूनही त्या कामातली बरीच यंत्रे शेवटी बिघाडामुळे बंद पडली नाहीत. इंटरनेट लाइनचे बिल पहिल्या वर्षानंतर कोणी भरायचे, याची तरतूद कोणत्याही लेखाशीर्षात केलेली नव्हती, आणि थकबाकीमुळे लाइन तोडली गेली. यंत्रावरचा दिवा हिरवा आहे, फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि इंटरनेट मात्र नाही, अशा अवस्थेत ते जाळे दीड वर्ष राहिले. लोकांचा विश्वास अशाने जातो आणि नंतर चांगले काम केले तरी तो लवकर परत येत नाही. मला त्या कामाचे आजही वाईट वाटते, कारण त्याच पैशांत प्रभागातल्या चार-पाच अभ्यासिका दहा वर्षे चालल्या असत्या.

तलावाच्या काठाविषयी वेगळे सांगावे लागेल, कारण ठाणे हे तलावांचे शहर आहे आणि असा प्रस्ताव आला की पहिले नाव तलावाचे निघते. मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी होणारी गर्दी पाहिली की तिथे वायफाय द्यावे, असे कोणालाही वाटेल. येथे लहरींचे गणित समजून घ्यावे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो आणि त्यात अँटेनासह ४ वॅटपर्यंत प्रसारणाची मुभा आहे. खांबावरचे यंत्र या मर्यादेपर्यंत जाऊ शकते, म्हणून त्याची खूण दीडशे मीटरवरच्या बाकावरही फोनमध्ये दिसते. परंतु फोनलाही उत्तर द्यायचे असते आणि फोनची ताकद साधारण एका वॅटच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. पोल ओरडून बोलतो ते फोनला ऐकू येते. फोन पुटपुटतो ते पोलपर्यंत पोहोचत नाही. ‘खूण पूर्ण आहे, पण काही उघडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. उघड्या जागेत, माणसांच्या गर्दीत, चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे मी कोणालाही वायफायचे आश्वासन देत नाही.

दुसरी अडचण वेळेच्या वाटपाची आहे. एका वाहिनीवर (चॅनेलवर) एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. दूरच्या कोपऱ्यातला एखादा फोन १ एमबीपीएस इतक्या मंद गतीने जोडलेला असला, तर तेवढीच माहिती न्यायला तो जवळच्या फोनच्या कित्येक पट वेळ घेतो आणि बाकीचे सगळे रांगेत थांबतात. म्हणून मी जोडणीचे जुने मंद वेग यंत्रातून बंदच करतो. दूरच्या फोनला जोडणी मिळत नाही, पण जवळ बसलेल्यांना नीट मिळते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीत त्या तिन्ही घरोघरच्या राउटरांनी भरलेल्या असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा भाग परवानामुक्त झाल्यामुळे मोठी सोय झाली. परंतु त्या लहरी भिंतींतून आणि झाडांतून आणखी कमी जातात. बंद खोलीसाठी हा गुणच आहे, कारण शेजारच्या खोलीतला गोंगाट आत येत नाही. तलावाच्या काठासाठी मात्र तो दोष ठरतो.

हा केवळ आपल्या शहराचा अनुभव नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २००४ मध्ये दिव्यांच्या खांबांवरून संपूर्ण शहराला वायफाय देण्याची योजना जाहीर केली होती. ते काम घेतलेली अर्थलिंक ही कंपनी २००८ मध्ये त्यातून बाहेर पडली. ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रे लागली आणि तरीही घरांच्या भिंतींतून लहरी आत पोहोचल्या नाहीत.

याउलट रेल्वे स्थानकांवरचे वायफाय टिकले. रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ते सुरू केले आणि जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे त्यांचे चारशेवे स्थानक झाले. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देऊन गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये आपण यातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने सेवा चालू ठेवली आणि ती हजारो स्थानकांपर्यंत नेली. पहिली तीस मिनिटे मोफत आणि त्यानंतर अल्प दरात, अशी त्यांची पद्धत आहे. ही योजना टिकण्याचे कारण तंत्रज्ञ म्हणून मला स्पष्ट दिसते. रेलटेलचा फायबर रुळांच्या कडेने आधीच गेलेला होता, स्थानकात चोवीस तास वीज होती, फलाटाला छप्पर होते, देखभालीला माणसे होती, आणि प्रवासी गाडीची वाट पाहत थांबलेला होता. यांपैकी एकही गोष्ट चौकातल्या खांबाला लाभत नाही. सगळ्या गोष्टी अभ्यासिकेला मात्र लाभतात.

आता ‘डेटा स्वस्त असताना गरज काय’ या प्रश्नाकडे येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले, हे खरेच आहे, आणि चौकात उभे राहून संदेश पाहणाऱ्या माणसाला आज वायफायची गरज उरलेली नाही. माझा खांबांना विरोध असण्याचे तेही एक कारण आहे. परंतु गरज सगळ्यांची संपलेली नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या योजनेत स्पर्धा परीक्षेची व्याख्याने पाहणाऱ्या मुलाचा डेटा दुपारपर्यंत संपतो, कारण एका तासाच्या साध्या दर्जाच्या व्हिडिओला तीनशे ते पाचशे एमबी सहज लागतात. घरात दोन भावंडे आणि एकच फोन असेल तर तेवढेही मिळत नाही. सराव परीक्षा लॅपटॉपवर द्यायची असते, अर्ज भरताना छायाचित्र आणि सही ठरावीक आकारात चढवायची असते, आणि शेवटच्या तारखेला संकेतस्थळ मंदावलेले असते. २०१८ मध्ये केरळातील एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने स्थानकाच्या मोफत वायफायवर अभ्यास करून राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी देशभर गाजली होती. मोफत वायफाय कोणासाठी असते, हे त्या एका उदाहरणाने मला जितके समजले तितके कोणत्याही अहवालाने समजले नाही.

ठाण्यात अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे, आणि स्पर्धा परीक्षांसाठी महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. प्रभागाप्रभागात मंडळांच्या, समाजमंदिरांच्या आणि पालिकेच्या लहान अभ्यासिका आहेत. कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेट किंवा खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, तुर्भे येथे दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे राहतात, तिथल्या मुलामुलींसाठी अभ्यासिकेची खुर्ची हीच अभ्यासाची खोली असते. या खुर्चीपर्यंत चांगले इंटरनेट नेणे हे सार्वजनिक पैशाचे अत्यंत योग्य काम आहे, असे मी मनापासून मानतो.

साठ खुर्च्यांच्या अभ्यासिकेचा हिशेब सांगतो. साठ जण आणि त्यांची मिळून ऐंशी-पंचाऐंशी उपकरणे धरावीत. सगळे एकाच वेळी इंटरनेट ओढत नाहीत. अनुभवाने एका वेळी वीस ते पंचवीस जण खऱ्या अर्थाने वापरात असतात. प्रत्येकाला ३ ते ४ एमबीपीएस मिळाले तर व्याख्यान न अडखळता चालते. म्हणजे १०० एमबीपीएसची फायबर लाइन पुरते, आणि परीक्षेच्या हंगामासाठी २०० घ्यावी. जवळच दुसऱ्या कंपनीची एक स्वस्त लाइन पर्यायी म्हणून ठेवावी, कारण मेट्रोची कामे, काँक्रीटीकरण आणि गटारांची खोदाई चालू असलेल्या या शहरात फायबर तुटणे ही वर्षातून अनेकदा घडणारी गोष्ट आहे. दोन्ही लाइन एकाच खांबावरून इमारतीत येणार नाहीत, याची खात्री लाइनमनला विचारून स्वतः करावी. वेगळी कंपनी म्हणजे वेगळी वाट असे नसते.

ॲक्सेस पॉइंट दोन पुरतात, फार तर तीन. ते छताला, खोलीच्या मध्याकडे असावेत. पुस्तकांच्या लोखंडी कपाटांमागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ नसावेत. ताकद पूर्ण चढवू नये, निम्म्यावर ठेवावी, म्हणजे फोन जवळच्या यंत्राला जोडला जातो आणि बाहेर रस्त्यावरचे फोन आत शिरत नाहीत. प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा घालावी, पण अभ्यासिकेत वेळेची मर्यादा घालू नये. ‘तीस मिनिटांनंतर बंद’ ही पद्धत फलाटासाठी योग्य आहे. तीन तासांच्या सराव परीक्षेच्या मध्यात ती मुलाचे नुकसान करते. शिवाय उपकरण ओळखून मर्यादा घालणे आता पूर्वीइतके विश्वासार्ह राहिलेले नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला मूळ यंत्र-ओळख क्रमांक (मोबाइल क्रमांक नव्हे) न सांगता वेगळाच क्रमांक सांगतात. त्यामुळे मर्यादा घालायचीच असेल तर ती सभासदाच्या नोंदणीवर घालावी.

सार्वजनिक वायफायला जोडताना ओटीपी का मागतात, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्याचे उत्तर आपल्याच परिसरात आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेतल्या वायफायपर्यंत लागला. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याची जोडणी दुसऱ्यानेच वापरली होती. मी तेव्हा वाशी-नेरुळ भागात घरोघरी राउटर लावत असे. त्या आठवड्यानंतर कित्येक महिने माझे मुख्य काम जुन्या ग्राहकांच्या घरी जाऊन वायफायला पासवर्ड घालून देणे हेच होते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या की सार्वजनिक वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या संकेताने पटवावी आणि नोंदी जपाव्यात. आजचा ओटीपी त्यातून आला आहे. सेर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात.

अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाने ही जबाबदारी आपल्या डोक्यावर घेऊ नये. नोंद ठेवणे म्हणजे वहीत नाव लिहिणे नव्हे. साठ जण एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटवर जातात, तेव्हा कोणत्या क्षणी त्या पत्त्यातला कोणता पोर्ट (उपक्रमांक) कोणत्या उपकरणाला दिला होता, याची नोंद नसेल तर पोलिसांच्या पत्राला उत्तर देता येत नाही आणि संशय सगळ्यांवर राहतो. हे काम परवानाधारक इंटरनेट कंपनीने किंवा पीएम-वाणी योजनेतील नोंदणीकृत कंपनीने करावे.

पीएम-वाणी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. एसटीडी-पीसीओच्या टपऱ्यांच्या धर्तीवर कोणाही दुकानदाराला, संस्थेला किंवा वाचनालयाला वायफाय देता यावे, ही तिची कल्पना आहे. अशा जागेला पब्लिक डेटा ऑफिस म्हणतात आणि तिला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. ओटीपी, हिशेब आणि नोंदी मागे असलेली नोंदणीकृत कंपनी सांभाळते. घरगुती ब्रॉडबँड घेऊन ते सरळ लोकांना वाटणे नियमात बसत नाही, म्हणून मंडळासाठी ही वाट बरी आहे. या योजनेची मोठी अडचण लाइनच्या दराची होती, कारण कंपन्या अशा जागांना व्यावसायिक दराची महाग लाइन घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवले की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पब्लिक डेटा ऑफिसला घरगुती दराच्या फार तर दुप्पट दराने द्याव्यात. आपल्या साठ खुर्च्यांची गरज नेमकी याच मर्यादेत बसते. लाइन घेताना या निर्णयाचा लेखी उल्लेख करून दर मागावा. विक्री प्रतिनिधीला तो माहीत असेलच असे नाही.

धोरणाच्या पातळीवर आकडे मोठे होते. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे उद्दिष्ट होते आणि देश त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. केंद्रांची संख्या मोजण्याऐवजी चालू असलेले तास मोजले असते तर वेगळ्या जागा निवडल्या गेल्या असत्या, असे माझे मत आहे.

सुरक्षिततेविषयीची भीती काही अंशी जुनी आहे. पूर्वी उघड्या वायफायवर शेजारच्या माणसाला आपला मजकूर वाचता येत असे. आज बँका, ईमेल आणि बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक जोडणी वापरतात, त्यामुळे मधल्या माणसाला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो इतकेच साधारण दिसते, आत काय लिहिले ते दिसत नाही. खरा धोका खोट्या नावाचा आहे. सार्वजनिक वायफायसारखेच नाव देऊन कोणीही आपल्या फोनवरून किंवा लहान राउटरवरून जाळे उभे करू शकतो आणि प्रवेशाच्या पानावर नको ती माहिती मागू शकतो. वायफायला फक्त मोबाइल क्रमांक आणि त्याच क्षणी आलेला ओटीपी लागतो. कार्डाचा क्रमांक, यूपीआयचा पिन, आधार क्रमांक किंवा एखादे ॲप बाहेरून उतरवून घेण्याची सूचना दिसली, तर ते पान तत्काळ बंद करावे. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचे असल्याची सूचना फोनने दिली तर पुढे जाऊ नये. पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावर करण्याची सवय ठेवावी. त्यांना डेटा लागतो किती! फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. वायफायचे नेमके नाव अभ्यासिकेच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहून लावावे आणि त्याखाली हीच सूचना द्यावी. तंत्रज्ञाने यंत्रात दोन उपकरणांचा आपापसांतला संपर्क बंद ठेवावा. सेटिंगमधली ही एक खूण लावायला मिनिटही लागत नाही आणि तीच अनेकदा राहून गेलेली मला आढळते.

माहितीच्या वापराबद्दल मी कठोर राहण्याचा सल्ला देईन. ‘संपूर्ण मोफत बसवून देतो, पाच वर्षे एक पैसाही नको’ असे सांगणारा प्रस्ताव आला, तर मोबाइल क्रमांकांचे पुढे काय होणार हे लेखी विचारावे. एका ठिकाणी वायफायसाठी दिलेल्या क्रमांकांवर महिनाभरात खासगी शिकवण्यांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींचे संदेश सुरू झाल्याचे मी पाहिले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुले असतातच. सभासदत्वाच्या अर्जावरच पालकांच्या संमतीचा रकाना ठेवला आणि तो सेवा देणाऱ्या कंपनीकडून तपासून घेतला, तर हा प्रश्न पहिल्या दिवशीच हाताळला जातो. पोलवरच्या वायफायला हेही शक्य नसते.

कराराबाबत एवढेच सांगतो की उभारणीचा आणि पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा एकाच निविदेत असावा, आणि उभारणी झाल्यावर अर्ध्याहून अधिक रक्कम दिली जाऊ नये. उरलेली रक्कम दर तीन महिन्यांनी, अभ्यासिका उघडी असलेल्या तासांत वायफाय किती वेळ चालू होते ते पाहून द्यावी. ‘चालू’ याचा अर्थ यंत्रावरचा दिवा लागलेला असा धरू नये. अभ्यासिकेतल्या फोनवरून बाहेरचे संकेतस्थळ उघडते, असा धरावा. किती लोकांनी नोंदणी केली, हा आकडा ठेकेदार आवर्जून दाखवतो. त्याऐवजी किती जणांचा ओटीपी आलाच नाही, हा आकडा मागावा, कारण लोक तिथेच कंटाळून परत जातात. तक्रारीसाठी एका माणसाचे नाव आणि क्रमांक दारावर असावा, आणि दोन दिवसांत काम न झाल्यास रक्कम कापण्याची अट असावी. लाइनचे मासिक बिल कोणत्या लेखाशीर्षातून जाणार, हे ठरावातच लिहून घ्यावे.

तलावाचा आग्रह रहिवाशांमध्ये फारच असेल, तर काठावरच्या एखाद्या पालिकेच्या बंदिस्त वास्तूत, तिकीट खिडकीत किंवा सुरक्षारक्षकाच्या चौकीत, जिथे दिवसा वीज आहे तिथे, एकच यंत्र लावून समोरच्या आठ-दहा बाकांपुरते वायफाय द्यावे. मंडईसाठी वेगळे वायफाय मागू नये; विक्रेत्यांच्या, पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या यूपीआयच्या पेट्या स्वतःच्या सिमवर चालतात.

ठरावाआधी एक काम करावे. प्रभागातल्या अभ्यासिका, वाचनालये आणि दवाखान्यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी दोन आठवडे, सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता किती जण बसलेले आहेत, त्यांपैकी किती जणांकडे लॅपटॉप आहे आणि त्या खोलीत मोबाइलचा वेग किती येतो, एवढे वहीत मांडावे. रात्री आठची नोंद चुकवू नये, कारण नोकरी करून अभ्यास करणारी मुले त्याच वेळी येतात. ती वही आणि खोल्यांचे हाताने काढलेले नकाशे, कपाटांच्या जागांसह, मिळाले तर यंत्रे कुठे लावायची आणि किती लाइन लागेल हे मी प्रत्येक नकाशावर खुणा करून देईन.